लसीच्या गाडीतील शीतपेटी व दुसऱ्या बॅटरीची जोडणी

वर्धा जिल्ह्यात घटसर्प व फऱ्या या रोगांवरील लस पावसाळा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मे व जूनच्या आरंभी, जनावरांना टोचून घेणे आवश्यक असते. याच दिवसांत येथील उन्हाचा ताप ४५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि कधी त्याहूनही वर जातो. उलट, जनावरांच्या बहुतेक लसी २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवाव्या लागतात. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतील दूरच्या गावी लस नेताना हे अंतर राखणे, हाच लसीकरणाचा अवघड भाग होय.

उष्णतेने निकामी झालेली लस डोळ्यांना ओळखू येत नाही. कुपी पूर्वीसारखीच दिसते, टोचणीही नीट पार पडते, नोंदवहीत संख्या भरली जाते; परंतु जनावराच्या अंगी रोगप्रतिकारशक्ती येत नाही. आपली गवळाऊ बैलजोडी सुरक्षित झाली असे समजून शेतकरी निर्धास्त राहतो आणि पहिल्या पावसानंतर रोग गोठ्यात शिरतो. बुळकांडी रोगाच्या उच्चाटनाचा इतिहास याच दृष्टीने बोधप्रद आहे. भारतात त्याविरुद्ध राष्ट्रीय मोहीम १९५४ साली सुरू झाली आणि २०११ साली तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. आफ्रिकेतील दुर्गम व उष्ण प्रदेशांत उष्णता सोसणारी लस उपलब्ध झाल्यावरच या कार्याला गती आली. ज्या लसींना असा गुण नाही, त्यांच्यासाठी थंडावा गावापर्यंत नेणे हाच मार्ग उरतो.

शीतपेटी कोणती घ्यावी

बर्फाच्या पिशव्या घातलेली साधी लसपेटी एका फेरीस पुरते. अनेक गावांच्या दौऱ्यासाठी गाडीच्या १२ व्होल्ट विजेवर चालणारी, कॉम्प्रेसर असलेली शीतपेटी सोयीची ठरते. बाजारात कॉम्प्रेसर नसलेल्या, केवळ विद्युत्‌पट्टीने थंड होणाऱ्या स्वस्त पेट्याही मिळतात. त्या बाहेरच्या हवेपेक्षा साधारणपणे २० अंशांनीच थंड होतात. वर्ध्याच्या ४५ अंशांच्या दुपारी अशा पेटीत २५ अंश राहतील. म्हणून ती लसीसाठी मुळीच घेऊ नये. लसीसाठीच बनविलेली पेटी मिळाल्यास ती पसंत करावी.

दुसरी बॅटरी कशासाठी

गावात लसीकरण चालू असता गाडीचे इंजिन तासन्‌तास बंद असते. त्या वेळी पेटी मुख्य बॅटरीवर चालविली तर ती बॅटरी उतरते आणि परतण्याच्या वेळी गाडी सुरू होत नाही. शिवाय मुख्य बॅटरी ही इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनविलेली असते. वारंवार खोलवर उतरविल्यास ती लवकर खराब होते. यास्तव पेटीसाठी संथपणे दीर्घकाळ वीज देणारी वेगळी बॅटरी घ्यावी. ती इंजिन चालू असताना भरली जावी आणि इंजिन बंद होताच मुख्य बॅटरीपासून आपोआप अलग व्हावी.

विजेचा हिशेब

पेटीचा कॉम्प्रेसर चालू असता ४ अँपिअर वीज लागते असे धरू. कडक उन्हात तो निम्म्याहून अधिक वेळ चालतो. शंभर मिनिटांपैकी ६० मिनिटे चालला, तर सरासरी खर्च ताशी २.४ अँपिअर-तास होतो. दहा तासांस २४ अँपिअर-तास लागले. १०० अँपिअर-तासांच्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्मीच वीज, म्हणजे ५०, काढावी. या हिशेबाने नवी बॅटरी सुमारे २० तास पुरेल. बॅटरी जुनी होत जाईल तसा हा काळ घटतो. म्हणून एका दिवसाचे काम एवढाच भरवसा धरावा. अर्ध्या तासाच्या प्रवासात ही तूट भरून निघत नाही. रात्री मुक्कामी विजेच्या चार्जरवर बॅटरी पूर्ण भरून घ्यावी.

जोडणीचा क्रम

हे काम जाणकार वाहन-विद्युत मिस्त्रीकडून, आणि गाडी शासकीय असल्यास कार्यालयाची परवानगी घेऊनच करावे. कार्यकर्त्याने पुढील गोष्टी स्वतः पाहून घ्याव्यात.

१. कामास हात घालण्यापूर्वी मुख्य बॅटरीची ऋण वायर प्रथम सोडवावी व काम संपल्यावर ती सर्वांत शेवटी जोडावी.

२. दुसरी बॅटरी पट्ट्याने घट्ट बसवावी. लेड-अॅसिड बॅटरी भरताना पेट घेणारा वायू सुटतो. म्हणून माणसे बसतात त्या भागात ती ठेवायची असल्यास मोहोरबंद प्रकारची घ्यावी व तिच्या वायूस बाहेर जाण्याची नळी द्यावी.

३. दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांमध्ये व्होल्टेज ओळखणारा रिले बसवावा. भरणा चालू होऊन दाब सुमारे १३.३ व्होल्ट झाला की तो दोहोंना जोडतो आणि दाब १२.८ च्या आसपास उतरला की तोडतो.

४. या दोन बॅटऱ्यांमधील वायर जाड, १६ चौरस मिलिमीटरची असावी व तिच्या दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, प्रत्येकी एक फ्यूज असावा. वीज दोन्ही बाजूंनी येऊ शकते. एकाच टोकाच्या फ्यूजने दुसरी बाजू उघडी राहते. ६० अँपिअरचा फ्यूज व त्याहून अधिक क्षमतेचा रिले घ्यावा.

५. दुसऱ्या बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याच्या रंग खरवडलेल्या, स्वच्छ धातूस तितक्याच जाड वायरने जोडावे.

६. पेटीची धन व ऋण अशा दोन्ही वायरी थेट दुसऱ्या बॅटरीपासून आणाव्यात. धन वायरीवर बॅटरीजवळच, पेटीच्या पुस्तिकेत सांगितलेला, सामान्यतः १५ अँपिअरचा फ्यूज असावा. सिगारेट पेटविण्याच्या खाचेतून वीज घेऊ नये. खडबडीत रस्त्यावर तेथील जोड ढिला पडून तापतो.

७. पत्र्यातून वायर जाते तेथे रबरी कडे घालावे आणि सायलेन्सरपासून वायर दूर ठेवावी. फ्यूज वायरीचे रक्षण करतो. तो वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज न घालता दोष शोधावा.

वायर बारीक नको

बॅटरी भरलेली असूनही पेटी बंद पडते, याचे कारण पुष्कळदा बारीक वायर हेच असते. बॅटरीपासून पेटी पाच मीटरवर असल्यास जाण्यायेण्याची तार दहा मीटर होते. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून ५ अँपिअर वाहताना सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बॅटरीत १२ व्होल्ट असताना पेटीस ११.१ च मिळतात आणि बॅटरी संरक्षणाचा कप्पा अधिक दाबावर ठेवला असेल तर पेटी थांबते. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट सुमारे ०.२ व्होल्टच राहते. पाच मीटरसाठी यापेक्षा बारीक तार वापरू नये.

नवीन गाड्यांबाबत सूचना

अलीकडील अनेक गाड्यांत अल्टरनेटरचा दाब संगणकाच्या आज्ञेने कमी-अधिक होतो. अशा गाडीत वर सांगितलेला रिले भरवशाचा ठरत नाही. त्याऐवजी डीसी-डीसी चार्जर बसवावा. लिथियम बॅटरीसाठीही तिच्या जातीस अनुरूप असा चार्जरच लागतो, आणि ती इंजिनाच्या उष्ण कप्प्यात ठेवू नये.

लस ठेवण्यापूर्वी परीक्षा

जोडणी झाल्यावर पेटीत पाण्याच्या बाटल्या भरून ती उन्हाळ्याच्या दिवशी पूर्ण २४ तास चालवून पाहावी. कमाल-किमान तापमापक भिंतीलगत, तळाशी व मध्यभागी ठेवावा. कॉम्प्रेसर चालू असता बॅटरीजवळचा व पेटीच्या टोकाजवळचा दाब मोजावा, फरक ०.३ व्होल्टहून अधिक असू नये. इंजिन बंद केल्यावर थोड्या वेळाने, पेटी चालू असतानाच, मुख्य बॅटरीचा दाब स्थिर राहतो की नाही हेही पाहावे.

थंडी अधिक झाली तरीही लस बिघडते. लाळ्या-खुरकूत, घटसर्प यांच्या तेल वा तुरटीयुक्त लसी गोठल्या तर त्या टाकूनच द्याव्या लागतात. वितळवून वापरता येत नाहीत. म्हणून पेटीचे तापमान ५ अंशांवर ठेवावे व कुप्या थंड भिंतीला चिकटून लावू नयेत. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी चर्मरोग पसरला तेव्हा वापरलेली शेळीच्या देवीची लस जिवंत असल्याने तिला उष्णतेपासून जपण्याची अधिक गरज होती. अशा लसीची कुपी एकदा विरघळविल्यावर ती गार ठेवून कुपीवरील सूचनेनुसार लवकर संपवावी.

गाडी झाडाच्या सावलीत उभी करावी, पेटीच्या जाळीभोवती हवा खेळती ठेवावी आणि झाकण वारंवार उघडू नये. एका साध्या लसपेटीत बर्फाच्या पिशव्या तयार ठेवाव्यात. वीज खंडित झाल्यास कुप्या त्यात हलविता येतील. पिशव्या व कुप्या यांच्यामध्ये जाड पुठ्ठा घालावा.

दौऱ्यावर सकाळ, दुपार व सायंकाळ असे तीन वेळा तापमान नोंदवावे. नोंद २ ते ८ अंशांच्या बाहेर गेली, तर ती लस टोचण्यापूर्वी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे. शेतकऱ्यांनीही टोचणीच्या वेळी पेटीचा तापमापक दाखविण्याची विनंती करण्यास संकोच करू नये. गोठ्यातील जनावरांचे आरोग्य त्या आकड्यावर अवलंबून असते.