तांबडी रक्तपेशी, लोह व हिवताप

वरच्या इयत्तांना रक्ताचा पाठ शिकविताना तांबड्या पेशींचे कार्य सांगितले जाते. ज्या गावी हिवतापाचा उपद्रव आहे, तेथील शिक्षकांनी या पाठास आणखी एक बाजू जोडणे अवश्य आहे. वर्गातील फिकट, निस्तेज मुलास केवळ लोहाचीच उणीव आहे असे गृहीत धरणे पुष्कळदा चुकीचे ठरते.

१. पेशी व लोह : तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिच्यातील हिमोग्लोबिन हे द्रव्य प्राणवायू वाहून नेते व त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे ४ अणू असतात. शरीरातील सुमारे दोन-तृतीयांश लोह याच द्रव्यात असते. पेशी जीर्ण झाली की तिच्यातील लोह शरीर नव्या पेशींसाठी पुन्हा वापरते.

२. जंतूचा आहार : डासाच्या दंशावाटे शिरलेला हिवतापाचा जंतू प्रथम यकृतात वाढतो, नंतर तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारा लोहयुक्त अंश जंतूलाच विषारी असतो. म्हणून तो त्याचे निरुपद्रवी काळसर स्फटिक बनवितो. याच काळसर कणांवरून रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात जंतू ओळखला. पेशी फुटतात, मूल फिकट पडते.

३. औषधांचे कार्य : क्लोरोक्वीन हे औषध स्फटिक बनू देत नाही; जंतू स्वतःच्याच विषाने मरतो. चीनमध्ये तू यूयू यांच्या प्रयत्नाने १९७२ साली वनस्पतीतून वेगळे केलेले आर्टेमिसिनिन याच लोहाच्या संयोगाने क्रियाशील होऊन जंतूचा नाश करते. त्याबद्दल त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

४. लोहाची गोळी केव्हा द्यावी : हिवतापात यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य अधिक निर्माण करते. त्यामुळे आतड्यातून लोह रक्तात शिरत नाही, म्हणजे गोळी बव्हंशी वाया जाते. आफ्रिकेनजीकच्या पेंबा बेटावर तीन वर्षांखालील बालकांना दररोज लोह व फोलिक आम्ल देऊन पाहण्यात आले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या बालकांत गंभीर आजार व मृत्यू मिळून प्रमाण सुमारे १२ टक्के अधिक आढळले. मात्र जेथे हिवतापाचा प्रतिबंध व उपचार यांची सोय आहे, तेथे लोह देणे सुरक्षित असल्याचे पुढील अभ्यासांत दिसून आले. तेव्हा शाळेतील साप्ताहिक गोळी बंद करण्याचे कारण नाही. परंतु ताप असलेल्या मुलास त्या दिवशी गोळी देऊ नये. प्रथम रक्ततपासणीसाठी आशा कार्यकर्तीकडे अथवा आरोग्य उपकेंद्रात पाठवावे. मूल बरे झाल्यावर गोळी पुन्हा सुरू करावी.

५. औषध पुरे करणे : व्हायव्हॅक्स जातीचा जंतू यकृतात दडून राहतो. त्यासाठी प्रायमाक्वीन १४ दिवस घ्यावे लागते. ताप उतरताच पालक औषध थांबवितात व काही आठवड्यांनी ताप उलटतो. शिक्षकांनी रोज हजेरीच्या वेळी अशा मुलास औषधाविषयी विचारावे. काही मुलांच्या पेशींत जन्मतः एका विकराची उणीव असते. त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाल्यास औषध थांबवून मुलास तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे.

सरावासाठी प्रश्न :
(१) हिवतापात मूल फिकट का पडते?
(२) जंतू काळसर स्फटिक का बनवितो?
(३) ताप गेल्यावरही औषध का घ्यावे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी घरी आईवडिलांना सांगावे, असा गृहपाठ द्यावा. गावात या पाठाचा खरा उपयोग त्यानेच होईल.