लोकेशन पाठवलंय, सर!

मुळशीत एकट्यानं सायकलवर फिरून आलो म्हटलं की लोक आधी बिबट्याबद्दल विचारतात. बिबट्या दिसला नाही. साप एकदा दिसला, तोही घाईत होता. त्रास दिला तो माणसांनी, आणि त्यातही ज्याला रात्रीच्या मुक्कामाचे आगाऊ पैसे मोजले होते त्या एका माणसानं. त्याचं नाव इथं लिहिणार नाही. लिहिलं तर तो पुन्हा ‘सर, मिसअंडरस्टँडिंग झालंय’ असा मेसेज धाडेल, आणि ते वाक्य मला आता सोसवत नाही.

वाट सांगून टाकतो, कारण ती खरंच सुंदर आहे. पौडला मुख्य रस्ता सोडून कोळवण, तिथून तिकोना पेठ, तुंगच्या पायथ्यावरून घुसळखांब, आंबवणे, कोराईगडाच्या खालून साल्तर खिंड, तैलबैला, भांबर्डे, घनगडाखालचं एकोले आणि मग पिंपरीवरून निव्याकडे उतरून मुळशीचा जलाशय. यात काही भाग मावळातला आहे, पण मुळशीत शिरायची माझ्या मते हीच खरी वाट. जिथं म्हणून मुरमाची, पाणंदीची किंवा गाडीवाट मिळेल तिथं डांबर सोडायचं, असं ठरवूनच निघालो होतो. सामान कॅरिअरवर नाही, सायकलच्या सांगाड्यालाच बांधलेल्या पिशव्यांत. तैलबैलाच्या त्या दोन कातळभिंती अर्धा दिवस समोर दिसत राहतात, त्यासाठी दुसऱ्यांदाही जाईन. एकोल्यात देवळाच्या ओसरीवर झोपायला कुणी आडकाठी केली नाही. सकाळी चहा आपण होऊन समोर आला. तो भाग एवढाच, कारण तिथं सगळं नीट झालं.

शेवटच्या मुक्कामाला जरा बरी आंघोळ करावी म्हणून जलाशयाच्या काठचा एक तंबूंचा कॅम्प ठरवला. फोनवर माणूस अतिशय गोड. ‘या ना सर, खुशाल या.’ मी मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं : सायकलनं येतोय, निव्याकडून, पाण्याच्या बाजूच्या कच्च्या वाटेनं, तुम्ही दिलेल्या लोकेशनवर ती वाट थेट येते ना? उत्तरादाखल एक पिवळा अंगठा आणि ‘येस सर’. आगाऊ आठशे रुपये लगेच मागितले, लगेच दिले. हे सगळं अजून माझ्या फोनमध्ये आहे. कुणाला बघायचं असेल तर दाखवीन.

निवे सोडल्यावर गाडीवाट छान चालली होती. दोन्ही चाकोऱ्यांत मऊ माती, कडेनं करवंदीच्या जाळ्या, मधूनच पाणी दिसायचं. शेवटची वस्ती मागं पडली. सूर्य डोंगराआड गेला होता. जानेवारीत सव्वासहानंतर उजेड झपाट्यानं जातो. लोकेशन आता अगदी जवळ दाखवत होतं. वळण घेतलं तर समोर नवेकोरे सिमेंटचे खांब, चार पदरी काटेरी तार, हिरवं लोखंडी गेट आणि भलंमोठं कुलूप. पाटी : ‘खासगी मालमत्ता. विनापरवाना प्रवेश केल्यास गुन्हा दाखल केला जाईल.’ तारेपलीकडे, हाकेच्या अंतरावर, कॅम्पच्या दिव्यांच्या माळा. गाणीही ऐकू येत होती. कोळशावर भाजल्याचा वास येत होता, आणि दुपारपासून माझ्या पोटात राजगिऱ्याच्या लाडवांपलीकडे काही नव्हतं.

वॉचमन वाशीमकडचा पोरगा. वागायला नीट. म्हणाला, ‘कॅम्पवर जायाचं तर मागं फिरून डांबरीनं या साहेब. पंधरा-सोळा किलोमीटर पडंल.’

‘आणि इथून?’

‘इथून पाच मिनिटं. पण चावी शेठकडं, अन् शेठ पुण्यात.’

इथवर मी समजूतदार होतो. जमीन ज्याची त्याची, कुलूपही त्याचं. पण तो पोरगा पुढं जे सहज बोलून गेला, त्यानं डोकं फिरलं. ‘परवा बी दोघं असेच परत गेले. आमच्या शेठनं त्या कॅम्पवाल्याला दिवाळीतच सांगितलंय, माणसं इकडून पाठवू नको म्हणून.’

म्हणजे याला माहीत होतं! अंगठा पाठवताना माहीत होतं, पैसे घेताना माहीत होतं.

बांधावर चढून एक दांडी रेंज मिळाली. फोन लावला. ‘सर, मला वाटलं तुम्ही कारनं येणार.’ मेसेज वाचून दाखवला. ‘सर, इकडे नेटवर्क इश्यू असतो.’ मेसेजला उत्तर दिलंत ना, मग नेटवर्क होतं. शांतता. मग मी विचारलं की तुमच्या कॅम्पचं फाटक पलीकडच्या बाजूला डांबरीवर आहे, तर लोकेशन इकडे, दुसऱ्याच्या प्लॉटला लागून, पाण्यापाशी कशाला टाकलंय? त्यावर जे उत्तर मिळालं ते शब्दशः देतो : ‘सर, ती पिन व्ह्यूसाठी आहे.’

लक्षात आलं ना? नकाशावर कॅम्प पाण्याला चिकटलेला दिसला की बुकिंग येतं. ‘वॉटर टच’ म्हणतात त्याला. ती खूण रस्ता दाखवण्यासाठी टाकलेलीच नसते, ती जाहिरात असते. मोटारवाला चुकला तर गाडीत बसूनच वळसा घालतो, दोन शिव्या देतो आणि तंबूत जाऊन विसरतो. काळोखात, पाठीला दिवसभराचे चढ असलेल्या सायकलवाल्याला तो वळसा काय पडतो याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दुसऱ्या दिवशी हिशोबाचं विचारलं तर म्हणे, ‘सर, नो-शो ला रिफंड नसतो.’ नो-शो! मी दिसत होतो हो, तारेच्या अलीकडे उभा!

रात्र काढली मागच्या वस्तीतल्या पहिल्याच घरात. आजींनी आधी चांगलंच झापलं, ‘आरं, एकला कशापायी फिरतूस? घरी कुनी हाय का न्हाय?’ आणि मग पिठलं आणि तांदळाची भाकरी वाढली. पैसे घेईनात, शेवटी सकाळी नातवाच्या वहीत ठेवून आलो. गेटचं निघालं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘त्ये दार झाल्यापास्नं आमची गुरं बी वरनं वळसा घालत्यात, तू तर येक दिसाचा पाव्हना.’ तेव्हा माझ्या आठशे रुपयांचा राग जरा लहान झाला. गेला नाही.

ही वाट जुनी वहिवाटीची. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला तो धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी. धरण झालंच. त्याचं पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याच्या वीजघरात पडतं. काठावर उरलेल्या जमिनी आता प्लॉट पाडून तारेत चालल्या आहेत. ‘मुळशी पॅटर्न’ हा सिनेमा २०१८ साली आला, सगळ्यांनी बघितला, शिट्ट्या मारल्या आणि प्लॉट घेतले.

आजींच्या मुलाला मी सांगितलं तेच इथं सांगतो, कारण गावातल्या पुष्कळांना हे माहीत नसतं. गावाच्या नकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेनं दाखवलेला असतो, गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं. तशी रेषा असेल किंवा वहिवाट दाखवता येत असेल, आणि शेतीकडे जायची ती वाट कुणी अडवली असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गेट दिवाळीच्या सुमाराचं, म्हणजे वेळ होती. पुढं त्यांनी काय केलं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. आपण भटके, आपल्याला असा हक्क नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं नीट वागणाऱ्या कुणालाही पायी किंवा सायकलनं खासगी माळरानातून जाता येतं, स्वीडनमध्ये तर ती रीत फार जुनी. आपल्याकडे दारूच्या बाटल्या फोडून ठेवणारे शनिवार-रविवारवाले बघितले की मालक कुलूप का लावतो तेही कळतं. पण त्याची शिक्षा गुरांना का?

आता जाणाऱ्यांसाठी. कॅम्प घेणार असाल तर लोकेशन मागू नका, ते देतातच. विचारा : तुमचं फाटक कुठल्या रस्त्याला लागतं, आणि आज त्या वाटेनं कोण आलं? ‘वाट आहे का’ याला मुळशीत सगळे हो म्हणतात. ‘आज कोण गेलं’ याला माणूस थांबून विचार करतो. दूधवाल्याला विचारा, गुराख्याला विचारा. त्यांना कुठलं कुलूप कधी लागलं ते पाठ असतं. कॅम्पवाल्याला पैसे पोचल्यावरच द्या.

उपग्रहाच्या चित्रावर विसंबून जीपीएक्स फाइल बनवत असाल तर सांभाळा. वन विभाग वणव्यासाठी गवत साफ करून जाळरेषा काढतो, त्या वरून अगदी कच्च्या रस्त्यासारख्या दिसतात आणि भलत्याच चढावर जाऊन संपतात. तसंच जलाशयाचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पात्रात वाटा पडतात. चित्र मे महिन्यातलं असेल तर जानेवारीत तीच वाट पाण्याखाली असते.

टायर दोन इंचांच्या खाली नको. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबलेसमध्ये सीलंट भरून घ्या, आणि टायर चिरलाच तर आतून लावायला दुधाच्या पिशवीचा जाड तुकडा जवळ ठेवा. वाटेतल्या पंक्चरवाल्याकडे हवा मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची असते. आपल्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला ती बसत नाही, म्हणून वीस-तीस रुपयांचा पितळी अडॅप्टर खिशात हवाच. गिअरचा हँगरही एक जास्तीचा ठेवा, तो वाकला तर पुण्याशिवाय मिळत नाही. भांबर्डे ते निवे पाणी पुरेसं घ्या, संक्रांतीनंतर ओढे आटू लागतात. वाडीतली कुत्री अंगावर आली तर पळवू नका. उतरा, सायकल मधे धरा, चालत जा. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. घरी कळवून जा, औषधं घ्या, कचरा परत आणा. हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. आणि शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या रस्त्यावर सायकल घालूच नका, तिथं त्या दोन दिवसांत माणसं गाडी चालवत नाहीत, मिरवतात.

कॅम्प चालवणाऱ्यांना एवढीच विनंती : लोकेशनची खूण फाटकावर ठेवा, पाण्यात नको. आणि त्या एका गृहस्थांना : आठशे रुपये अजून आलेले नाहीत.