निरोप पोहोचला पाहिजे

१९०१ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, गोरेगाव येथे, दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून सरकारने तलावाचे खोदकाम काढले होते. सुभेदार रामजी आंबेडकर तेथे रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत इकडे या, असे त्यांनी साताऱ्यास राहिलेल्या मुलांना कळविले. बाल भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे यांच्या आनंदाला पारावार उरला नाही. नवे कपडे शिवले गेले, निघण्याचा दिवस पत्राने वडिलांना कळविला गेला आणि मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. तेथे त्यांना न्यायला कोणीही आलेले नव्हते.

पुढचा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत स्वतः लिहून ठेवला आहे. मुले महार आहेत हे कळताच गाडीवाले त्यांना नेईनात. एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. जवळ अन्न होते, पण पाणी मिळाले नाही. म्हणून रात्र उपाशी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी मुले गोरेगावला पोहोचली तेव्हा वडील चकित झाले. पत्र त्यांना मिळालेच नव्हते. ते त्यांच्या नोकराच्या हाती पडले होते आणि त्याने ते दिले नव्हते.

या यातनांचे मूळ अस्पृश्यतेत होते, न पोहोचलेल्या पत्रात नव्हते, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. तथापि इतिहासाचे अभ्यासक आणि प्राथमिक वर्गांचे शिक्षक या दोन्ही नात्यांनी आम्हांला या प्रसंगात आणखी एक धडा दिसतो. पत्र लिहिले गेले होते, पाठविले गेले होते, योग्य पत्त्यावर गेलेही होते. ज्याला कळायला हवे होते त्याला मात्र ते कळले नाही. निरोप धाडणे आणि निरोप पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि त्या दोहोंमधील अंतराची किंमत लहान मूल चुकवते.

आमच्या हातून झालेली चूक

हा धडा आम्ही केवळ पुस्तकातून शिकलो नाही. शिक्षकी पेशाच्या आरंभीच्या वर्षांत आम्ही ज्या वसतिशाळेत होतो, तेथे एका वर्षी दिवाळीची सुट्टी दोन दिवस अलीकडे आली. आम्ही सूचना लिहिली : ‘सर्व पालकांस सूचित करण्यात येते की...’ भेटीच्या दिवशी वहीवर सर्वांच्या सह्या आणि अंगठे घेतले. काम पूर्ण झाले, असे आम्हांला वाटले.

सुट्टी लागली त्या दिवशी दुसरीतला एक मुलगा पत्र्याची पेटी घेऊन सायंकाळपर्यंत फाटकाशी बसून होता. तो रडला नाही. दर एस.टी.चा आवाज आला की उठून उभा राही आणि पुन्हा बसे. त्याचे वडील आले ते तिसऱ्या दिवशी, जुन्या तारखेस. वहीत त्यांचा अंगठा होता. त्यावर काय लिहिले आहे ते मात्र त्यांना कोणीच वाचून दाखविले नव्हते. दोष त्यांच्या निरक्षरतेचा नव्हता, आमचा होता. आम्ही पोच घेतली होती, निरोप दिला नव्हता.

शाळेने काय कळवावे, कसे कळवावे

मूल सहा-सात वर्षांचे असताना आईबाप त्याला आपल्या हवाली करतात. ते किती वाजता उठते, केव्हा जेवते, अभ्यासाला केव्हा बसते, ताप आला तर उशाशी कोण असते, हे जाणून घेण्याचा त्यांना अधिकार आहे. म्हणून प्रवेशाच्याच दिवशी पालकांना दिनक्रम तोंडी सांगावा. वर्ग, भोजनगृह आणि मूल जेथे झोपणार ती जागा दाखवावी. भेटीचे व सुट्टीचे दिवस, मुलाला न्यायला कोण येणार त्यांची नावे, आजारपणात कोणाला कळवायचे, या गोष्टी समोर बसवून ठरवाव्यात. तारीख बदलली तर प्रत्येक घराला ती पुन्हा सांगावी आणि पालकांकडून उलट वदवून घ्यावी. ‘कळले का?’ या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘कोणत्या दिवशी याल?’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळते.

आपल्या अनेक विद्यार्थ्यांचे पालक ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा घरांची पालकसभा जानेवारीत बोलाविणे म्हणजे रिकाम्या घराच्या दारावर थाप मारणे होय. ती टोळ्या निघण्यापूर्वी घ्यावी. कोणत्या कारखान्यावर जाणार, मुकादमाचा फोन कोणता, गावात आजी-आजोबा आहेत की चुलते, हे तेव्हाच लिहून घ्यावे. आज बहुतेक टोळ्यांत एखादा तरी मोबाइल असतो. छापील सूचनेपेक्षा शिक्षकाने साध्या बोलीत पाठविलेला अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश तेथे अधिक उपयोगी पडतो; तो वाचावा लागत नाही, ऐकता येतो.

आणि केवळ तक्रारीसाठी घराला हाक मारू नये. शाळेचा फोन आला की मुलाने काहीतरी केले असावे, अशी धास्ती ज्या घरात बसते, ते घर हळूहळू फोन उचलीनासे होते. मूल जोडाक्षरे वाचू लागले, हेही कळविण्यासारखे वृत्त आहे.

हा उपकार नव्हे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार अधिनियमाच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कलम २१ सांगते. पालक हा शाळेच्या दाराबाहेर हात जोडून उभा राहणारा याचक नव्हे.

पालकांनी काय करावे

‘आम्ही अडाणी, आम्ही काय शिकविणार?’ असे अनेक माता आम्हांला म्हणतात. त्यांना आम्ही परळच्या चाळीतील एक खोली सांगतो. रामजी सुभेदारांचे कुटुंब त्या एकाच खोलीत राहत असे. भीमरावास अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून ते त्याला लवकर निजवीत, स्वतः जागे राहत, रात्री दोनला त्याला उठवीत आणि मग त्याच्या जागी आपण निजत. सुभेदार स्वतः शिकलेले होते, हे खरे; पण येथे त्यांनी जे दिले ते ज्ञान नव्हते. ती जागा होती, वेळ होता आणि नेम होता. हे तीन कोणत्याही आईबापाला देता येतात.

मुलाला पहिल्यांदा सोडून जाताना त्याचे लक्ष नाही असे पाहून निघून जाऊ नका. ते रडेल, तरीही निरोप घ्या आणि पुन्हा केव्हा येणार ते सांगा. सांगितलेला दिवस पाळा. येणे अशक्य झाले तर आदल्या दिवशीच कळवा. सुट्टीत घरी उठण्या-निजण्याची वेळ फार बदलू देऊ नका. रोज दहा मिनिटे मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि जवळ बसून ऐका. ऐकायला अक्षरओळख लागत नाही. ‘गुण किती?’ याआधी ‘वर्गात काय झाले?’ असे विचारा. घरात मृत्यू, आजार, भांडण, स्थलांतर झाले असेल तर आम्हांला सांगा. मूल एकाएकी गप्प झाले तर त्याचे कारण कळल्यावाचून आम्ही त्याला आळशी ठरवू, आणि तो अन्याय होईल.

माजी विद्यार्थ्यांस विनंती

४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले, तेव्हापासून आपल्या समाजातील कित्येक पिढ्या घरापासून दूर राहून शिकल्या. आपणही त्यांपैकीच. आपल्यापैकी अनेक जण आपापल्या घरातले पहिले वाचणारे होते. आईवडिलांना आलेला कागद वाचून दाखविण्याचे काम आपल्याकडेच असे. ते काम संपलेले नाही. आपल्या गावातील, वस्तीतील, टोळीतील दोन घरांचे मूल येथे शिकत असेल तर त्या घरांना शाळेचा निरोप समजावून सांगा आणि त्यांचा निरोप शाळेपर्यंत आणा. देणगीपेक्षा हे मोल कमी नाही.

वर्गात आम्ही जेव्हा मसूर स्टेशनाची गोष्ट सांगतो, तेव्हा मुले एकच प्रश्न हमखास विचारतात : ‘गुरुजी, त्यांचे बाबा का नाही आले?’ आमच्या फाटकाशी असा प्रश्न मनात घेऊन कोणतेही मूल पेटीवर बसलेले दिसू नये. आम्ही आमच्या बाजूने निरोप पोहोचवू; आपण आपल्या बाजूने तो घ्यावा आणि उलट धाडावा.