भरती, ओहोटी आणि मुन्नी

मुलांनो, परीक्षा संपली किंवा ईद झाली की घरात एक बेत हमखास ठरतो. "चला, समुद्रावर जाऊ या!" मुंबईची मुले जुहूला किंवा गिरगाव चौपाटीला जातात. भिवंडी, पुणे, मालेगावकडची कुटुंबे अलिबाग, काशीद, मुरूड असे रायगड जिल्ह्यातील किनारे गाठतात. गाडीत अम्मी, अब्बा, दादी, खाला आणि तिची मुले असतात. शिवाय खिडकीशी बसण्याचा हट्ट करणारी तुमची धाकटी बहीण असते. आपण तिला मुन्नी म्हणू. मुन्नीचे वय तीन वर्षे.

तुम्ही आता आठवी-नववीत आहात. सहलीला गेल्यावर मुन्नीचा हात बहुतेक वेळ तुमच्याच हातात असतो. मोठी माणसे सामान उतरवतात, जेवण मांडतात, पैसे देतात आणि म्हणतात, "जरा हिला सांभाळ." म्हणून हा पाठ मुद्दाम तुमच्यासाठी लिहिला आहे.

मुन्नीचे स्वतःचे एक घड्याळ असते. सकाळी लवकर उठते, नऊला तिला भूक लागते, दुपारी एक वाजता डोळे मिटू लागतात. ही वेळ चुकली की ती रडते, चिडते, खाली बसते आणि उठत नाही. समुद्रावर गेले म्हणून हे घड्याळ थांबत नाही. समुद्राचेही एक घड्याळ आहे आणि तेही कोणासाठी थांबत नाही. ही दोन्ही घड्याळे जुळली, तर सहल सुखाची होते.

समुद्राचे पाणी किनाऱ्यावर चढते, त्याला भरती म्हणतात. ते मागे जाते, त्याला ओहोटी म्हणतात. उर्दूत तुम्ही 'मद्दोजजर' हा शब्द ऐकला असेल. मौलाना हाली यांच्या १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या 'मुसद्दस'च्या पूर्ण नावात तो आहे. मद्द म्हणजे भरती आणि जजर म्हणजे ओहोटी. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी होते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. त्यामुळे आज दुपारी दोनला भरती असेल, तर उद्या ती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते.

हे सारे चंद्राच्या आकर्षणामुळे घडते. सूर्याचाही त्यात वाटा असतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येतात. तेव्हा दोघांची ओढ एकत्र होते. त्या दिवसांत पाणी खूप वर चढते आणि खूप मागेही जाते. याला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चंद्र आणि सूर्य पृथ्वीशी काटकोन करतात. तेव्हा पाणी कमी चढते आणि कमी उतरते. ती भांगाची भरती.

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. तिथीला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. जो आकडा येईल, साधारण तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. तीन वाजता भरती आणि त्याआधी सहा तास, म्हणजे नऊच्या सुमारास, ओहोटी. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो. म्हणून जाण्यापूर्वी वर्तमानपत्रातील किंवा मोबाइलवरील भरतीची वेळ पाहावी, नाहीतर किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारावे. पण हिशेब येत असेल, तर घरबसल्या अंदाज बांधता येतो.

तिथी कोठून आणायची? आपले महिने तर चांदावर चालतात! चांदाच्या तारखेत दोन मिळवा, म्हणजे बहुतेक वेळा तिथी मिळते. कधी एकच मिळवावा लागतो. बेरीज पंधराच्या पुढे गेली तर पंधरा वजा करा. याचा पुरावा हवा असेल, तर २०२२ सालचा ३ मे आणि २०२३ सालचा २२ एप्रिल हे दिवस आठवा. या दोन्ही दिवशी आपली ईद आणि हिंदूंची अक्षय तृतीया एकदमच आली होती. शव्वालची एक तारीख आणि तृतीया. एकात दोन मिळवले की तीन!

आता थोडा विचार करा. ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, कितीतरी कुटुंबे दुपारचे जेवण उरकून समुद्रावर जातात. त्या दिवशी शव्वालची दोन तारीख, म्हणजे साधारण चतुर्थी. आपल्या हिशेबाने भरती तीन वाजता. शिवाय अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे पाणी उधाणाचे. आपण नेमके त्या वेळी पोहोचतो, जेव्हा समुद्र सर्वांत जास्त भरलेला असतो. गर्दीही तेव्हाच असते. मुन्नीची झोप झालेली नसते, ती वेगळीच. तेच कुटुंब सकाळी आठ वाजता पोहोचले, तर पाणी मागे गेलेले असते. वाळू ओली आणि मोकळी असते. ऊनही कोवळे असते. बकरी ईदच्या दिवशी मात्र हिशेब बदलतो. दहा आणि दोन बारा, म्हणजे भरती सकाळी नऊला आणि ओहोटी दुपारी तीनला.

भरतीचा हिशेब न करण्याचा धोका अलिबागला चांगला समजतो. तेथे किनाऱ्यासमोर समुद्रात कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी तो १६८० मध्ये बांधायला घेतला. पुढे ते आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाले. आत गणपतीचे मंदिर आहे, हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गा आहे आणि चारी बाजूंना खारे पाणी असूनही आत गोडे पाणी मिळते. ओहोटीच्या वेळी किल्ल्यापर्यंत चालत जाता येते, घोडागाड्याही जातात. पाणी आणि किल्ला पाहता पाहता वेळ कसा जातो ते कळत नाही. तेवढ्यात भरती सुरू होते. पाणी समोरून एक सरळ रेष धरून येते असे आपल्याला वाटते. पण ते आधी सखल जागा भरते. आपण उंच वाळूवर उभे असतो आणि आपल्या पाठीमागचा सखल भाग केव्हाच भरलेला असतो. मोठ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत आलेले पाणी मुन्नीच्या कमरेच्याही वर असते, हे लक्षात असू द्या. अशा वेळी एखादा कोळीदादा हाक मारतो, "अहो, पाणी चढतंय, पोरांना घेऊन मागं फिरा!" ती हाक ऐकली की लगेच फिरावे. फोटो राहिला तर राहू द्यावा.

सगळे किनारे सारखे नसतात. अलिबागचा किनारा सपाट आहे. काशीदची पांढरी वाळू दिसायला सुंदर आहे, पण तेथे लाटांचा जोर अधिक असतो. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. तुम्ही पाय रोवून उभे राहू शकता, पण तीन वर्षांचे मूल घोट्याएवढ्या पाण्यातही कोलमडते. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. किनाऱ्यावर आलेले पाणी कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून जोराने आत परत जाते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तो भाग शांत दिसतो. "इथे लाटा नाहीत, इथे मुलांना खेळू द्या," असे म्हणून माणसे नेमकी तेथेच उतरतात. जोर धरून किनाऱ्याकडे पोहत राहिले, तर अशा प्रवाहात दमछाक होते. किनाऱ्याला समांतर, बाजूला जावे, प्रवाह सुटला की मग काठाकडे वळावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनभराहून अधिक विद्यार्थी बुडाले. ते महाविद्यालयात शिकणारे, तुमच्याहूनही मोठे होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांत जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, ओरडतो. लहान मूल ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याखाली गेलेले असते, मग आवाज कोठून येणार? पाठीमागे दहा माणसे गप्पा मारत बसलेली असतात आणि कोणालाही काही कळत नाही. प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याचे लक्ष असेलच. म्हणून घरातून निघतानाच पाळ्या ठरवून घ्या. आता अर्धा तास भाईजान, मग अर्धा तास आपा, मग अब्बा. ज्याची पाळी असेल, त्याने मुन्नीपासून हातभर अंतरावर राहायचे. त्या अर्ध्या तासात मोबाइल नाही, क्रिकेट नाही. पाळी संपली की दुसऱ्याला नाव घेऊन सांगायचे, "आता तू." तिला लाल किंवा नारिंगी कपडे घाला. निळे कपडे पाण्यात दिसत नाहीत. गर्दीत ती हरवली तर उपयोगी पडावा म्हणून तिच्या हातावर पेनाने अब्बांचा फोन नंबर लिहून ठेवा.

कोणी बुडताना दिसले, तर आपण उडी मारू नये. ओरडून जीवरक्षकाला बोलवावे, झाकण लावलेला रिकामा कॅन किंवा मोठा चेंडू फेकावा, दोरी किंवा ओढणी टाकावी. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक पाठ असावेत.

पावसाळ्यात मात्र हा सगळा विचारच बाजूला ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांनी मासेमारी करायला बंदी असते आणि कोळी लोक नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच होड्या लोटतात. ज्यांचे सारे आयुष्य पाण्यावर गेले, ते जात नाहीत तेव्हा आपण मुन्नीला घेऊन जाणे शहाणपणाचे नाही.

एवढे वाचून घाबरलात का? घाबरू नका. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर मुन्नीबरोबर बसा. वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. ती इवल्याशा खेकड्यांनी काढलेली असते. ते वाळू तोंडात घेतात, त्यातले अन्न वेचतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. पाऊल वाजले की बिळात पळतात. दोन मिनिटे अगदी स्तब्ध राहिले की एकेक करून पुन्हा वर येतात. घरात दोन मिनिटे एका जागी न बसणारी मुन्नी येथे श्वास रोखून बसते! एखादा शंख चालताना दिसला तर समजा, आत खेकडा बिऱ्हाड करून राहिला आहे. त्याला उचलून घरी आणू नये, घरी तो मरतो. निळसर, फुग्यासारखे काही वाळूवर पडलेले दिसले तर हात लावू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर असे 'ब्ल्यू बॉटल' नावाचे जीव आले होते आणि त्यांनी अनेकांना दंश केला होता. ते मेल्यावरही डंख मारतात.

अकरा वाजले की उन्हातून उठावे. सुरूच्या झाडांखाली चटई पसरावी. शहाळ्याचे पाणी, केळी, घरून नेलेली खिचडी मुन्नीला पुरते. खालाचे बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, तर त्याला आईचे दूधच पुरे, वरचे पाणीही देऊ नये. एखाद्याला उन्हाने जुलाब-उलट्या झाल्या, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा आणि सपाट भरलेला असावा. खारे पाणी आणि वाळू अंगावर राहिली की मुलांच्या मांड्या सोलून निघतात, म्हणून परत निघण्यापूर्वी गोड्या पाण्याने अंघोळ हवीच.

आता अम्मीविषयी. समुद्रावर गेलेल्या आपल्या बहुतेक घरांत अम्मी पहाटे उठून डबे भरते, किनाऱ्यावर ताटे वाढते, बाळाला निजवते, ओले कपडे पिळते आणि सामानाजवळ बसून राहते. संध्याकाळी सर्वांचे पाय वाळूने भरलेले असतात, फक्त तिचे कोरडे असतात. मला हे बरोबर वाटत नाही. मुन्नी झोपली की सामानाजवळ तुम्ही बसा आणि अम्मीला म्हणा, "अम्मी, तुम्ही दादींना घेऊन पाण्यात पाय भिजवून या." ती नको म्हणेल. पुन्हा म्हणा.

आता वही काढा. समजा, सफर महिन्याची आठ तारीख आहे आणि तुम्ही अलिबागला जाणार आहात. मुन्नी दुपारी एक ते तीन झोपते. भरती किती वाजता येईल? ओहोटी किती वाजता? मुन्नीला पाण्याजवळ किती वाजता न्याल आणि अम्मीची पाळी केव्हा लावाल?