जिवंत कुंपणाचे व्यवस्थापन आणि लहान सस्तन प्राणी

महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात शेर, घायपात व निवडुंग, तर कोकणात करवंद व निरगुडी यांची जिवंत कुंपणे पूर्वापार आढळतात. अलीकडे त्यांची जागा तारेचे कुंपण घेत आहे. बांध यंत्राने कोरले जातात आणि उरलेली झुडपे उन्हाळ्यात पेटवली जातात. यामुळे लहान सस्तन प्राण्यांचा निवारा नाहीसा होतो.

कुंपणाच्या आश्रयाला मुंगूस, चिचुंद्री, ससा व रानमांजर हे प्राणी राहतात. मुंगूस व रानमांजर उंदीर खातात; चिचुंद्री कीटकांवर जगते. भारत, श्रीलंका व नेपाळ एवढ्याच देशांत आढळणारी वाघाटी ही जगातील सर्वांत लहान मांजरांपैकी एक असून, पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या वेळी तिची पिल्ले फडात सापडतात. ऊस तुटल्यानंतर अशा प्राण्यांना जवळचा आडोसा बांधावरच मिळू शकतो.

"बांध वाढला की उंदीर वाढतात," हा शेतकऱ्यांचा आक्षेप निराधार नाही. रुंद, मऊ मातीच्या बांधात शेतउंदीर व घूस बिळे करतात. म्हणूनच भातखाचरांचे बांध अरुंद ठेवण्याची शिफारस आहे. मात्र मातीचा रुंद बांध आणि झुडपांची दाट रांग या दोन वेगळ्या बाबी आहेत. झुडपे तोडल्याने बिळे नष्ट होत नाहीत. उंदरांच्या शत्रूंचा आडोसा मात्र जातो.

व्यवस्थापनासाठी पुढील बाबी लक्षात घ्याव्यात :

१. संपूर्ण कुंपण एकाच वर्षी न छाटता दरवर्षी एक तृतीयांश भाग छाटावा.

२. छाटणी फळे गळून गेल्यावर करावी, पावसाळ्यात टाळावी. इंग्लंडमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात शेतकुंपणाच्या छाटणीस, काही अपवाद वगळता, कायद्याने मनाई आहे. त्यामागे प्रामुख्याने पक्ष्यांच्या विणीचा विचार आहे.

३. बुंध्याजवळचा दाट भाग राखावा. बांध व उसाचे पाचट पेटवू नये.

४. कुंपण शक्यतो सलग ठेवून ओढ्याकाठच्या झाडीशी जोडावे.

५. विषारी आमिषापूर्वी सायंकाळी सर्व बिळे बुजवावीत. दुसऱ्या दिवशी उकरलेली बिळेच वापरातील समजून आमिष फक्त त्यांच्या आत ठेवावे व मेलेले उंदीर खोल पुरावेत. ब्रोमॅडिओलोनसारखे रक्त गोठू न देणारे विष उंदराच्या शरीरात साठते आणि तो खाणाऱ्या मुंगसालाही बाधते.

६. फडात पिल्ले आढळल्यास ती उचलून नेऊ नयेत. तेथील तोडणी थांबवून वनविभागास कळवावे. पिल्ले जागेवर राहिली तर आई बहुधा त्यांना घेऊन जाते.

ससा किंवा साळिंदर यांच्यामुळे काही ठिकाणी पिकाचे नुकसान होते, हेही मान्य केले पाहिजे. तेथे रोपवाटिका व भाजीपाल्याभोवती बारीक जाळी लावणे पुरेसे ठरू शकते. त्यासाठी सगळे कुंपण उखडण्याची गरज नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी गावात एखाद्या बांधाचा अर्धा भाग राखून व अर्धा नेहमीप्रमाणे साफ करून, दोन्हीकडील वापरातील बिळांची हंगामभर मोजणी शेतकऱ्यांकडूनच करून घ्यावी. स्वतः केलेली नोंद शेतकऱ्यास अधिक पटते.