धम्मातील मालक आणि सेवक

राजगृहाजवळच्या वेळुवनात तथागतांनी सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला केलेला उपदेश दीघनिकायात ‘सिगालोवाद सुत्त’ या नावाने आहे. वडिलांच्या अखेरच्या शब्दाखातर सिगाल रोज सकाळी ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना हात जोडीत असे. तथागतांनी त्याला सांगितले की, पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण आणि खालची दिशा म्हणजे नोकर-कामगार. ज्याला समाजाने पायाखाली ठेवले, तोही वंदनीय ठरला, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

मालकाने सेवकाशी पाच प्रकारे वागावे, असे हे सुत्त सांगते :

१) त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे.
२) अन्न व वेतन द्यावे.
३) आजारपणात शुश्रूषा करावी.
४) विशेष गोडधोड आले तर त्यालाही वाटा द्यावा.
५) योग्य वेळी सुट्टी द्यावी.

सेवकानेही मालकाच्या आधी उठावे, नंतर झोपावे, दिले तेवढेच घ्यावे, काम नीट करावे व मालकाची कीर्ती सांगावी. कर्तव्य दोन्ही बाजूंना आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मालक व सेवक यांच्यासाठी असलेला हा विनय आवर्जून घेतला आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४५ साली कारखान्यांतील कामगारांना पगारी सुट्टीचा कायदा झाला. १९४६ साली बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आले. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा अहवालही याच काळात तयार झाला व त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. सुत्तातील सुट्टी व शुश्रूषा अशा रीतीने मालकाच्या मर्जीवर न राहता कामगाराचा हक्क झाली.

आता प्रश्न आपला आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत खालच्या दिशेला उभे राहून आयुष्य काढले. त्यांच्या कष्टांमुळे आपल्यापैकी अनेक जण आज अधिकारी आहेत, काहींचे स्वतःचे उद्योग आहेत. माणसांच्या खात्याला आज ‘ह्युमन रिसोर्स’ म्हणतात. पण माणूस साधन नव्हे. कंत्राटी सफाई कामगाराला हातमोजे व गमबूट मिळतात का? घरकाम करणाऱ्या बाई आजारी पडल्या तर खाडे धरून पगार कापला जातो का? शिपायाला आपण ‘अहो’ म्हणतो की ‘ए’? चहाचा कप त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला असेल, तर ज्या अस्पृश्यतेविरुद्ध महाडला १९२७ साली सत्याग्रह झाला, तीच आपल्या स्वयंपाकघरात शिरली आहे असे समजावे.

पंचशील विहारात घेतले जाते. त्याची परीक्षा मात्र पगाराच्या दिवशी होते. प्रत्येक उपासक-उपासिकेने ही पाच कर्तव्ये घरात व कचेरीत आचरावीत, एवढेच आमचे नम्र सांगणे आहे.