अपघातानंतरचा पहिला तास

रस्त्यावर अपघात घडताच बघ्यांची गर्दी जमते. परंतु जखमीस हात देण्यास सहसा कोणी धजत नाही. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, कोर्टाचे हेलपाटे घालावे लागतील, ही धास्ती त्याच्या मुळाशी असते. वस्तुतः जखमीचे प्राण वाचण्याचा संभव पहिल्या तासात सर्वांत अधिक असतो. त्या तासात काय करावे, हे प्रत्येकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम दोन्ही बाजूंची वाहने थांबवावीत व अपघातग्रस्त गाडीचे इंजिन बंद करावे. लगेच १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. गावाचे नाव, जखमींची संख्या आणि देऊळ, चर्च, पूल यांसारखी जवळची खूण स्पष्ट सांगावी.

रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. अंगात रुतलेली वस्तू उपटू नये. आगीचा वा अन्य धोका नसल्यास जखमीस ओढून बाहेर काढू नये; मानेस किंवा पाठीच्या कण्यास इजा झाली असल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. आपल्याकडे जखमीच्या तोंडात पाणी घालण्याची रीत आहे. बेशुद्ध मनुष्याचा त्याने श्वास कोंडतो. म्हणून ती टाळावी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे हे वाहनचालकाचे कर्तव्य आहे. घटनेची खबर त्याने शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, नजीकच्या पोलीस ठाण्यात दिली पाहिजे. डॉक्टरांनीही कागदपत्रांसाठी न थांबता उपचार सुरू करावयाचे असतात.

मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १३४-अ अन्वये संरक्षण मिळाले आहे. सद्‌हेतूने केलेल्या मदतीत चूक झाली, तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव व पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हावयाचे की नाही, हे त्याने स्वेच्छेने ठरवावयाचे असते.

पोलीस व रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांनी या तरतुदींचा मान राखावा. शिक्षकांनी त्या वर्गात समजावून सांगाव्यात. भीती दूर झाली, तर आज नुसते पाहत उभे राहणारे हातच उद्या कोणाचे तरी प्राण वाचवतील.